मेमरी कार्ड करप्ट होणे

मेमरी कार्ड करप्ट होणे : कॅमेऱ्याच्या किंवा मोबाइलच्या मेमरी कार्डावर साठवलेली छायाचित्रे उघडेनाशी होणे, अर्धवट दिसणे किंवा कार्डच ‘फॉरमॅट करा’ असे सांगू लागणे. खान्देशात, म्हणजे जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांत, लग्नाचे काम करणारे छायाचित्रकार याला ‘कार्ड उडालं’ किंवा ‘डेटा गेला’ म्हणतात. दुसरा शब्दप्रयोग बहुतेक वेळा चुकीचा असतो. डेटा कार्डावरच असतो. तो खरोखर जातो तो पुढच्या अर्ध्या तासात घाबरून केलेल्या खटपटींमुळे.

फिल्मच्या काळातही फोटो जात, पण वेगळ्या तऱ्हेने. ३६ फोटोंचा रोल दात्यांत नीट अडकला नाही तर काउंटर पुढे सरके आणि फिल्म जागीच राही. धुतल्यावर सगळी कोरी निघे. तरी एक रोल बिघडला म्हणून बाकीचे बिघडत नसत, आणि निगेटिव्ह हा हातात धरता येणारा पुरावा होता. चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस (१९१२–१९८९) यांची टेबलटॉप (टेबलावर वस्तू मांडून काढलेली) छायाचित्रे त्यांच्या मृत्यूनंतरही पाहता येतात. आता हळदीपासून पाठवणीपर्यंतचे दोन दिवस नखाएवढ्या तुकड्यावर असतात. कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड १९९४ मध्ये आले. एसडी कार्डाची घोषणा १९९९ मध्ये सॅनडिस्क, मात्सुशिता (पॅनासॉनिक) आणि तोशिबा यांनी मिळून केली. त्याचा आकार ३२ × २४ × २.१ मिमी., तर मोबाइल आणि ड्रोनमधल्या मायक्रोएसडीचा १५ × ११ × १ मिमी. ३२ जीबीपर्यंतची कार्डे एसडीएचसी, त्यापुढची २ टीबीपर्यंतची एसडीएक्ससी. हा फरक फक्त आकड्यांचा नाही. पहिल्या प्रकारात फॅट३२ ही फाइलव्यवस्था (फायली मांडण्याची पद्धत) असते, दुसऱ्यात एक्सफॅट. जुन्या कार्ड रीडरला एक्सफॅट कार्ड कळत नाही आणि धडधाकट कार्डही तो ‘फॉरमॅट करा’ म्हणून दाखवतो. म्हणून कोणताही निष्कर्ष काढण्याआधी रीडर बदलून पाहणे, ही पहिली पायरी. अशी ‘उडालेली’ किती तरी कार्डे एवढ्यानेच उघडतात.

कार्डावर दोन गोष्टी असतात : फोटोंचा प्रत्यक्ष मजकूर, आणि कोणता फोटो कुठे सुरू होतो, केवढा आहे, त्याचे नाव काय, याची नोंदवही. तलाठ्याच्या दप्तरातले पान फाटले म्हणून शेत जागचे हलत नाही, तसेच नोंदवही बिघडली तरी फोटोंचा मजकूर जागेवर राहतो. कॅमेऱ्यात फोटो ‘डिलीट’ केला तरी फॅट व्यवस्थेत त्याच्या नोंदीतला पहिला बाइट बदलून जागा मोकळी म्हणून मांडली जाते, इतकेच. साधे फॉरमॅट म्हणजे नवी कोरी नोंदवही. मात्र त्या ‘मोकळ्या’ जागेवर नवा फोटो लिहिला गेला की जुना कायमचा पुसला जातो. काही कॅमेऱ्यांत ‘लो लेव्हल फॉरमॅट’ असा पर्याय असतो. तो निवडल्यास परत मिळण्याची आशा सोडावी.

नोंदवही बिघडण्याची सर्वांत मोठी कारणे म्हणजे लिहिणे चालू असताना कार्ड ओढणे आणि बॅटरी संपणे. शटर दाबल्यावर फोटो आधी कॅमेऱ्याच्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, जातो, तिथून कार्डावर. ते चालू असताना मागचा लाल दिवा लुकलुकतो. वरात दाराशी आली, कार्ड भरले, दुसरे घालायचे आहे, डीजेच्या गोंगाटात कोणी खांद्यावर हात मारतो आहे, अशा वेळी तो दिवा पाहण्याची सवय ज्याच्या हाताला आहे त्याची कार्डे टिकतात. नंदुरबार जिल्ह्यात काठी या गावच्या राजवाडी होळीला रात्रभर नाच चालतो आणि होळी पेटते पहाटे. तोवर बॅटरी शेवटच्या काडीवर आलेली असते आणि नेमका त्याच वेळी माणूस सलग फोटो ओढत असतो. अशा जागी कार्डापेक्षा जादा बॅटरी जास्त उपयोगाची.

घरी आल्यावरचा धोका विजेचा. कॉम्प्युटरवर फोटो ‘कट-पेस्ट’ करत असताना वीज गेली, तर काही फायली ना इकडच्या ना तिकडच्या राहतात. कॉपी करावी, फोटो उघडून पाहावेत आणि मग कार्ड रिकामे करावे, तेही कॉम्प्युटरवरून नव्हे तर ज्या कॅमेऱ्यात ते वापरायचे त्यातच फॉरमॅट करून.

उन्हाला मात्र उगाच दोष दिला जातो. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि ऐन लग्नसराई त्याच दिवसांत असते. त्यामुळे ‘कार्ड तापून गेलं’ असे सहज म्हटले जाते. एसडी कार्डे साधारणपणे उणे २५ ते ८५ अंश सेल्सियसपर्यंत चालण्यासाठी बनवलेली असतात. गाडीच्या डॅशबोर्डवर कॅमेरा ठेवू नये हे खरेच, पण त्याने आधी त्रास होतो तो बॅटरीला आणि लांब व्हिडिओ घेणाऱ्या कॅमेऱ्याला. तो तापून मध्येच बंद पडला, तर अपुरी फाइल मागे राहते. कार्डाचा खरा शत्रू आहे धूळ. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांच्या बाजारात जी धूळ उडते ती एसडी कार्डाच्या उघड्या सोनेरी पट्ट्यांवर बसते, संपर्क तुटक होतो आणि कॅमेरा ‘कार्ड एरर’ दाखवतो. कॅननच्या पडद्यावर ‘एरर ०२’ येते. कोरड्या, मऊ फडक्याने पट्ट्या पुसल्यावर निम्मी भीती तिथेच सरते.

आता बिघाड फाइलीतच असेल तर काय दिसते ते पाहू. जेपेग फाइल ‘एफएफ डी८’ या दोन बाइटांनी सुरू होते आणि ‘एफएफ डी९’ने संपते. मध्ये चित्र ८ × ८ बिंदूंच्या चौकोनांत कापलेले असते आणि प्रत्येक चौकोनाची सरासरी उजळता आधीच्या चौकोनाशी असलेल्या फरकाने लिहिलेली असते. शिवाय हे आकडे कमी-जास्त लांबीच्या संकेतांत दाबून बसवलेले असतात. त्यामुळे मध्येच एखादा बाइट चुकला, की वाचणाऱ्याला पुढचा संकेत कुठे सुरू होतो तेच कळत नाही आणि चूक खालपर्यंत वाहत जाते. म्हणूनच वधूवरांच्या मुंडावळ्या लख्ख दिसतात, अंतरपाटाच्या कडेला चित्र बाजूला सरकते, तिथून खाली सगळे गुलाबी नाहीतर हिरवट, आणि शेवटी सपाट राखाडी. काही कॅमेरे वाटेत ‘रीस्टार्ट’ खुणा पेरतात. त्या असल्या तर चूक पुढच्या खुणेशी थांबते.

फसवे असे की कॅमेऱ्याच्या पडद्यावर हाच फोटो छोटा पण पूर्ण दिसतो. कारण फाइलीच्या सुरुवातीला एक लहान प्रतिमा वेगळी ठेवलेली असते आणि ती शाबूत असते. रॉ फायलीत (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता जशाच्या तशा साठवलेल्या फोटोत) हे वरदान ठरते : बऱ्याच कॅमेऱ्यांच्या रॉ फायलीत चांगल्या आकाराची जेपेग प्रत दडलेली असते. रॉ उघडत नसली तरी एक्झिफटूलसारख्या फुकट साधनाने ती बाहेर काढता येते आणि करिझ्मा अल्बममध्ये खपते. केवळ मथळा (फाइलीच्या सुरुवातीचा माहितीचा भाग) बिघडलेल्या जेपेगला त्याच कॅमेऱ्याने, त्याच सेटिंगवर काढलेल्या चांगल्या फोटोचा मथळा चिकटवूनही चित्र परत येते. शून्य केबी दाखवणाऱ्या फाइलीत मात्र दुरुस्त करण्यासारखे काही नसते. तिथे फाइल नव्हे, कार्ड तपासायचे.

बिघाड दिसताच पहिले काम म्हणजे फोटो काढणे थांबवणे. कार्ड काढून कडेची ‘लॉक’ पट्टी खाली करावी. ही पट्टी कार्डाच्या आतल्या कशालाही जोडलेली नसते. रीडर फक्त तिची जागा पाहतो. म्हणून ती तुटून पडली तर कार्ड कायमचे लॉक झाल्यासारखे वागते आणि खाचेवर सेलोटेपचा तुकडा लावला की पुन्हा चालते. विंडोज ‘फॉरमॅट करू का’ विचारते, त्याला नकार द्यावा. ‘ड्राइव्ह दुरुस्त करू का’ यालाही नकारच. त्यामागची चेकडिस्क ही विंडोजची सोय कार्डाची नोंदवही सरळ करते, फोटो वाचवणे हे तिचे काम नाही. विस्कटलेले तुकडे ती ‘फाउंड.०००’ नावाच्या फोल्डरात ‘सीएचके’ फायली करून टाकते आणि मूळ मांडणी बदलून जाते.

मग कार्डाची जशीच्या तशी प्रतिमा हार्ड डिस्कवर उतरवावी. वाचताना अडखळणाऱ्या कार्डासाठी जीएनयू डीडीरेस्क्यू हा प्रोग्राम उत्तम : आधी सोपे भाग उचलते, अवघड जागी नंतर परत येते, त्यामुळे मरायला टेकलेल्या कार्डावर ताण कमी पडतो. पुढची ‘रिकव्हरी मारायची’ ती या प्रतिमेवर, मूळ कार्डावर नाही. क्रिस्तोफ ग्रेनिए यांचा फोटोरेक हा मोफत प्रोग्राम नोंदवहीकडे पाहतच नाही. तो सुरुवातीच्या खुणा शोधत मजकुरातून फायली उपसतो. त्यामुळे फोटो मिळतात, पण त्यांची नावे जातात, आणि लग्नाचे फोटो गेल्या महिन्यातल्या बारशाच्या फोटोंत मिसळून येतात. काढल्याची तारीख व वेळ फोटोच्या आत असते, तिच्यावरून पुन्हा लावता येतात. नुसते डिलीट झालेले असतील तर रेकुवासारखा सोपा प्रोग्रामही पुरतो. मिळालेले फोटो त्याच कार्डावर सेव्ह करणे ही नेहमी घडणारी चूक. त्याने उरलेले पुसले जातात.

व्हिडिओची गत वेगळी. एमपी४ फाइलीची अनुक्रमणिका रेकॉर्डिंग संपताना लिहिली जाते. मध्येच वीज किंवा बॅटरी गेली तर सगळा मजकूर असूनही फाइल उघडत नाही. त्याच कॅमेऱ्याची एखादी चांगली फाइल नमुना म्हणून देऊन अनट्रंक हे साधन ती उभी करू शकते. फॅट३२ वर एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही म्हणून अनेक कॅमेरे लांब व्हिडिओचे तुकडे करतात. हा बिघाड नव्हे.

कार्डाचे आयुष्य हा गैरसमजांचा विषय आहे. आतील नँड फ्लॅश ही साठवणुकीची चिप (तोशिबाचे फुजिओ मासुओका यांची १९८० च्या दशकातली देणगी) ठरावीक वेळाच पुसता-लिहिता येते. एका पेशीत ३ बिट ठेवणाऱ्या स्वस्त प्रकारात साधारण काही शे ते काही हजार वेळा. लग्नाचा छायाचित्रकार वर्षाला एक कार्ड फार तर शंभरदा भरेल. म्हणजे झिजून मरणारी कार्डे थोडी; मरतात ती कंट्रोलर (साठवणुकीचे काम चालवणारी आतली चिप) बिघडून, प्लास्टिक फाटून किंवा मुळात नकली असल्याने. कंट्रोलर गेला की कार्ड ओळखले जात नाही किंवा भलताच लहान आकार दाखवते आणि कोणताही प्रोग्राम निरुपयोगी ठरतो. मग प्रयोगशाळेत चिपमधून थेट वाचन करावे लागते. मायक्रोएसडीत सगळे एकाच ठोकळ्यात असल्याने वरचा थर खरवडून बारीक तारा जोडाव्या लागतात. हे काम खर्चिक. जळगावकर त्यासाठी पुण्या-मुंबईकडे पाहतो, नंदुरबार-नवापूरकडच्याला सुरत जवळ पडते.

नकली कार्ड हा सर्वांत वाईट प्रकार, कारण ते चांगले वागून फसवते. आत चिप ८ जीबीची आणि कंट्रोलर सांगतो १२८. पहिले ८ जीबी बिनतक्रार भरतात. पुढचे फोटो जुन्यांवर लिहिले जातात किंवा हवेत जातात. नोंदवहीत नावे आणि आकार बरोबर दिसतात, आत काही नसते, आणि इथे कोणतीही रिकव्हरी चालत नाही. एच२टेस्टडब्ल्यू किंवा एफ३ हे प्रोग्राम पूर्ण कार्ड भरून पुन्हा वाचतात. नवे कार्ड लग्नात नेण्याआधी हा एक फेरा करावाच. वेगाचे छापही पाहावेत : ‘व्ही३०’ म्हणजे सेकंदाला किमान ३० एमबी सलग लिहिण्याची हमी. पाकिटावरचा मोठा आकडा सहसा वाचण्याचा असतो.

दोन खाचांचा कॅमेरा असेल तर दुसरे कार्ड ‘बॅकअप’वर ठेवावे. बरेच जण ते ‘ओव्हरफ्लो’वर (पहिले भरल्यावर दुसऱ्यावर लिहिणे) ठेवतात आणि दोन कार्डे असूनही प्रत एकच राहते. एकच खाच असेल तर हळद, लग्न आणि पाठवणी वेगवेगळ्या कार्डांवर. एक मोठे की दोन लहान, हा वाद धंद्यात जुना आहे. लहान कार्डे हरवतात हे मोठ्याच्या बाजूने म्हटले जाते आणि त्यात तथ्य आहे. पण कार्डांवर क्रमांक घालून, भरलेले कार्ड डबीत पालथे ठेवले तर तो आक्षेप फारसा उरत नाही. श्रावणात कानबाई या खान्देशी देवीच्या दिवशी एका संध्याकाळी चार घरी जावे लागते, तेव्हा कोणते कार्ड भरलेले हे डोक्यात ठेवणे शक्यच नसते.

कार्डाची वॉरंटी कार्डापुरती असते, आतल्या फोटोंची नव्हे. ग्राहकाच्या दृष्टीने मात्र छायाचित्रकार हा सेवा देणारा आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली सेवेतील त्रुटीची तक्रार जिल्हा आयोगाकडे नेता येते. कार्ड उडाल्याचे पहिल्याच दिवशी सांगावे, अल्बम मागायला आल्यावर नाही. दुरुस्तीला कार्ड देताना त्यावर परक्या घरांतल्या बायकामुलांचे फोटो आहेत हेही विसरता कामा नये. ‘डिलीट’ केलेलेही त्यात आलेच. निकामी कार्ड कोणाला देऊन टाकू नये किंवा कचऱ्यात फेकू नये. एसडी कार्डात चिप सहसा एका बाजूला असते, त्यामुळे नुसते वाकवून भागत नाही. कात्रीने तीन-चार ठिकाणी आडवे-उभे कापावे.