मद्यातलं शिसं: मठातल्या पोटशुळापासून मोहाच्या भट्टीपर्यंत

गडचिरोलीत १९९३पासून दारूबंदी आहे. धाड पडली की सडवा, म्हणजे दारूसाठी आंबवलेली मोहाची फुलं, ओतून देतात, भट्टी फोडतात, नमुना तपासायला जातो. त्यात मद्यार्क आहे का, हा कायद्याचा प्रश्न. विषारी दारूने माणसं दगावली तरच मिथेनॉलची चर्चा होते. धातूंबद्दल कोणी विचारत नाही, आणि मला तीच मोठी उणीव वाटते. कारण शिसं एका रात्रीत मारत नाही.

युरोपात हा प्रश्न फार आधी विचारला गेला. १६९०च्या दशकात जर्मनीतल्या उल्म शहरी एबरहार्ट गोकेल या वैद्याने पाहिलं, की मठातले वाइन पिणारे साधू पोटशुळाने तळमळतात, न पिणारे ठणठणीत. आंबूस वाइन गोड करायला व्यापारी तीत मुरदाडशिंग, म्हणजे शिशाचं ऑक्साइड, घालत होते. १७६७मध्ये जॉर्ज बेकर यांनी इंग्लंडमधल्या डेव्हनच्या सफरचंदी मद्यातून शिसं वेगळं करून दाखवलं. तिथे ते रस काढायच्या घाण्यांतून येत होतं.

तरी किती, हे नेमकं सांगता यायला विसावं शतक उजाडावं लागलं. १९५५मध्ये ऑस्ट्रेलियात ॲलन वॉल्श यांनी अणू ठरावीक प्रकाश शोषतात यावर मोजणीची पद्धत बसवली. १९८०च्या सुमारास आर्गॉन वायूच्या हजारो अंश तापलेल्या प्लाझ्मात नमुना फवारून त्यातले आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, वस्तुमानानुसार मोजणारं तंत्र आलं. आता लिटरमागे मायक्रोग्रॅमहूनही कमी शिसं, आर्सेनिक, कॅडमियम पकडता येतं. वाइनमधली साखर आणि अल्कोहोल मोजणीत अडथळा आणतात, म्हणून नमुना आधी नायट्रिक आम्लात जिरवतात किंवा पातळ करतात. आंतरराष्ट्रीय वाइन संघटनेने २०१९च्या हंगामापासून शिशाची मर्यादा लिटरमागे ०.१५वरून ०.१० मिलिग्रॅमवर आणली.

मोहाच्या दारूची गोष्ट जरा वेगळी. ऊर्ध्वपातनात, म्हणजे सडवा उकळून त्याची वाफ थंड करताना, फुलांतले बहुतेक धातू भांड्यातच राहतात, वाफेबरोबर चढत नाहीत. म्हणून पहिल्या धारेत शिसं आलंच, तर ते वाफ थंड करणाऱ्या नळीतून आणि तिच्या सांध्यांतून. सडव्यात ॲसिटिक आम्ल असतं; ते वाफेबरोबर वर येतं आणि सांधे जोडणाऱ्या झाळेतलं शिसं विरघळवतं. अमेरिकेत चोरट्या दारूसाठी गाड्यांचे जुने रेडिएटर वापरले गेले, तिथे याच मार्गाने शिशाची विषबाधा झाली. मातीच्या मडक्याला अन् बांबूच्या नळीला असा सांधाच नसतो. धोका वाढतो तो पत्र्याचे डबे, जर्मनची पातेली आणि भंगारातल्या नळ्या आल्या की. नागपूरला न्यायसहायक प्रयोगशाळा आहे. जप्तीच्या नमुन्यासोबत भट्टीची नळी कशाची होती, एवढं जरी लिहून गेलं तरी शिसं कुठे शोधायचं ते कळेल.