कास पठाराची परिसंस्था

सातारा शहराच्या पश्चिमेस सुमारे २५ किमी. अंतरावर, समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मी. उंचीवरील जांभ्या खडकाचे पठार. पश्चिम घाटातील इतर ठिकाणांबरोबर २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत त्याचा समावेश झाला. येथे सपुष्प वनस्पतींच्या ८५० हून अधिक जातींची नोंद आहे. खडक, पाणी, ऊन हे अजैविक घटक आणि वनस्पती, कीटक, गुरे, माणूस हे जैविक घटक एकमेकांना कसे घडवतात, हे इथे उघड्या डोळ्यांनी पाहता येते.

मूळ कारण खडकात आहे. मुसळधार पावसात बेसाल्टची झीज होऊन त्यातील विरघळणारे क्षार व सिलिका वाहून गेले. मागे लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडे उरून जांभ्याचे टणक कवच तयार झाले. त्यावरची माती जेमतेम काही सेंटिमीटर. मोठ्या झाडांची मुळे तिथे धरत नाहीत, म्हणून जांभूळ, अंजनी यांचे जंगल कडेच्या खोल मातीतच दिसते. मधला सडा, म्हणजे सपाट कातळी भाग, उघडा राहतो आणि वीतभर उंचीच्या रोपांना ऊन पुरेपूर मिळते. मात्र पावसाळ्यात जिथे पाणी तुंबते, तोच कातळ उन्हाळ्यात तापून कोरडाठाक पडतो. त्यामुळे तेरडा, गेंद यांसारख्या वनस्पती काही महिन्यांतच फुलून बी धरतात, तर डबक्यांत उगवणारा वायतुरा जमिनीतल्या कंदाच्या आधारे उन्हाळा काढतो. वायतुऱ्याचा आढळ सातारा व आसपासच्या मोजक्या सड्यांपुरताच आहे.

पावसाने धुऊन निघालेल्या या मातीत नत्र (नायट्रोजन) फार कमी असते. त्यावर निळ्या-जांभळ्या फुलांच्या ‘सीतेची आसवे’ या वनस्पतीने काढलेला उपाय थक्क करणारा आहे. ओल्या मातीत दडलेल्या तिच्या भागांवर बारीक पिशव्या असतात. तोंडाशी असलेल्या केसांना सूक्ष्म जीवाचा धक्का लागताच झडप उघडते, तो पाण्यासकट आत ओढला जातो आणि पचवला जातो; त्यातून तिला नत्र मिळते. दवबिंदू ही वनस्पती हेच काम चिकट केसांनी करते. माती सुपीक असती, तर जोमदार गवतांपुढे या दोघींचा निभाव लागला नसता.

सजीवही निर्जीव परिस्थिती बदलतात. दगडफूल आणि शेवाळ कातळ हळूहळू झिजवतात. मेलेल्या रोपांचा पाचोळा खळग्यांत साचून नवी माती होते. पाऊस मात्र सजीवांच्या हातात नसतो; सह्याद्रीपासून पूर्वेकडे जाताना तो झपाट्याने घटतो. त्यामुळे सातारा जिल्ह्यातल्याच माण तालुक्यात खुरट्या गवताची, काटेरी झुडपांची माळराने लागतात.

गुरांचा प्रश्न जास्त गुंतागुंतीचा आहे. चराईमुळे उंच गवत आटोक्यात राहते, लहान रोपांपर्यंत प्रकाश पोचतो आणि शेणातून थोडे नत्र मिळते. अतिचराईने मात्र रोपेच तुडवली जातात. पर्यटकांना आवरण्यासाठी घातलेल्या कुंपणाने गुरेही अडली आणि गवत माजून फुले कमी होत असल्याचा मुद्दा अभ्यासकांनी व गावकऱ्यांनी मांडला. संरक्षण म्हणजे केवळ बंदी, ही समजूत कासला लागू पडत नाही. किती गुरे आणि कोणत्या महिन्यांत सोडायची, हे इथे फुलांच्या हंगामाकडे पाहूनच ठरवायला हवे.