हॉस्टेलची बंद खोली आणि रात्री तीन वाजताचा मेंदू

अमेरिकेत ओहायो राज्यात अथेन्स नावाचं एक छोटं शहर आहे, तिथे १८०४ साली स्थापन झालेली ओहायो युनिव्हर्सिटी आहे, आणि तिथल्या पोरांना विचाराल तर त्यांचा कॅम्पस म्हणजे अख्ख्या देशातला सगळ्यात झपाटलेला कॅम्पस. विल्सन हॉल नावाच्या हॉस्टेलमध्ये ४२८ नंबरची खोली आहे, ती कुणालाच देत नाहीत, तिथे एक मुलगी वारली होती, दारं आपोआप आपटतात, हे सगळं प्रत्येक नव्या बॅचच्या कानावर येतंच. वर एक पुरावाही देतात, की आसपासची पाच कब्रस्तानं नकाशावर रेघांनी जोडली तर पाच टोकांची चांदणी होते आणि तिच्या बरोब्बर मध्ये विल्सन हॉल येतो.

हा चांदणीचा पुरावा आधी बघू, कारण तो बारावीच्या गणिताने सुटतो. त्या भागात जुनी छोटी कब्रस्तानं भरपूर आहेत, अगदी ३० च धरली तरी त्यातून पाच-पाचचे वेगवेगळे गट १,४२,५०६ होतात. एवढ्या गटांमधून हव्या त्या इमारतीभोवती बऱ्यापैकी चांदणी बसवता येते, लायब्ररीभोवती पण येईल आणि कँटीनभोवती पण. आपण जुळणारी पाच ठेवतो आणि न जुळणारी बाकीची नकाशावरून नजरेआड करतो, एवढंच त्यात आहे.

पण त्याच कॅम्पसला लागून एक जागा आहे तिची गोष्ट इतकी सहज सुटत नाही, आणि मला तीच जास्त महत्त्वाची वाटते. टेकडीवर १८७४ मध्ये सुरू झालेलं मनोरुग्णांचं मोठं हॉस्पिटल होतं, ते १९९३ मध्ये बंद झालं आणि त्या इमारती युनिव्हर्सिटीकडे आल्या, आज तिथे आर्ट म्युझियम आहे. डिसेंबर १९७८ मध्ये तिथली एक पेशंट बाई बेपत्ता झाली आणि जानेवारी १९७९ मध्ये एका वापरात नसलेल्या वॉर्डमध्ये तिचा मृतदेह सापडला, इतके दिवस तो तिथेच होता. फरशीवर शरीराच्या आकाराचा डाग उरला, तो कितीही पुसला तरी जात नाही, ही तिथली सगळ्यात गाजलेली भुताची गोष्ट. आता हा डाग खरंच आहे. २००८ साली त्याच युनिव्हर्सिटीच्या रसायनशास्त्रज्ञांनी त्याचे नमुने तपासले तेव्हा त्यात फॅटी अ‍ॅसिडचे क्षार सापडले, म्हणजे शरीरातली चरबी विघटन होताना जो मेणासारखा पदार्थ बनतो त्याच्याशी जुळणारं रसायन, आणि शिवाय कुणीतरी नंतर अ‍ॅसिडसारखं काहीतरी वापरून तिथे छेडछाड केल्याच्या खुणा. फरशीत मुरलेले असले क्षार साध्या पाण्याने निघत नाहीत, त्यामुळे डाग जात नाही हे बरोबरच आहे, फक्त त्यासाठी आत्म्याची गरज पडत नाही. एक आजारी बाई इतके दिवस सापडली नाही, ही त्यातली खरी भयंकर गोष्ट आहे आणि भुताच्या गोष्टीत नेमकी तीच मागे पडते.

बरं, जुन्या इमारती आणि मृत्यू तर सगळीकडे असतात. सरकारी ऑफिसं जुनी असतात, हॉस्पिटलमध्ये तर रोज माणसं मरतात. मग कॉलेजलाच एवढ्या गोष्टी का चिकटतात? माझं सरळ मत असं आहे की याचं सगळ्यात मोठं कारण इमारतीत शोधूच नये, ते तिथे राहणाऱ्या वीस वर्षांच्या पोरांच्या झोपेत आहे.

२०११ साली ब्रायन शार्पलेस आणि जॅक बार्बर या दोन मानसशास्त्रज्ञांनी जगभरातले ३५ अभ्यास एकत्र केले, त्यात ३६ हजारांहून जास्त माणसं होती, आणि प्रश्न एकच की आयुष्यात कधी स्लीप पॅरॅलिसिस, म्हणजे जाग आली पण शरीर हलेना असा अनुभव, आला होता का. सर्वसाधारण लोकांमध्ये उत्तर आलं ७.६ टक्के. विद्यार्थ्यांमध्ये २८.३ टक्के. जवळजवळ चौपट! जपानमध्ये याला कानाशिबारी म्हणतात, तिथे १९८७ च्या एका अभ्यासात तर कॉलेजच्या साधारण ४० टक्के मुलामुलींनी हो म्हटलं होतं.

हे नेमकं काय असतं? झोपेचा एक टप्पा असतो, रेम झोप, ज्यात ठळक स्वप्नं पडतात. त्या वेळी मेंदूच्या बुंध्याकडून स्नायूंकडे जाणारे आदेश अडवले जातात म्हणजे स्वप्नात पळताना आपण खरेखुरे पलंगावरून उठून पळू नये. डोळे आणि श्वासाचा मुख्य स्नायू सोडला तर बाकी शरीर ढिलं पडलेलं असतं. कधीकधी जाग आधी येते आणि ही अडवणूक मागे राहते, मग डोळे उघडे, खोली दिसतेय, रूममेट समोर घोरतोय ते पण ऐकू येतंय, पण हात हलत नाही, आवाज फुटत नाही, छातीवर दाब जाणवतो कारण छातीचे स्नायू पण ढिले असतात आणि मुद्दाम खोल श्वास घ्यायला गेलं तर जमत नाही. स्वप्न अजून चालूच असतं, ते उघड्या डोळ्यांसमोरच्या खोलीत मिसळतं. दाराशी कुणीतरी उभं आहे, जवळ येतंय, छातीवर बसलंय. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडमध्ये म्हातारी बसते, आपल्याकडे हडळ किंवा नुसतीच "कुणीतरी बाई", ज्याने लहानपणी जे ऐकलं ते त्याला दिसतं.

आणि ते "कुणीतरी आहे" वाटणं पण मेंदूतूनच येऊ शकतं हे दिसलंय. २००६ मध्ये स्वित्झर्लंडमधले डॉक्टर एपिलेप्सीच्या एका २२ वर्षांच्या पेशंटची तपासणी करत होते, तिच्या मेंदूच्या डाव्या बाजूला, कानाच्या वरच्या मागच्या भागात हलका विजेचा प्रवाह दिला की तिला आपल्या मागे एक सावलीसारखा माणूस जाणवायचा, ती बसली की तोही बसायचा. आपलं शरीर कुठे आहे याचा हिशोब तो भाग ठेवतो, हिशोब बिघडला की आपलंच शरीर दुसऱ्या कुणाचं तरी वाटायला लागतं. झोप-जागेच्या मधल्या अवस्थेत असाच गोंधळ होत असावा असं बरेच संशोधक मानतात.

आता हॉस्टेलचं वेळापत्रक आठवा. सबमिशन, रात्री दोनला मॅगी, चारला झोप, आठचं प्रॅक्टिकल, दुपारी मेस झाल्यावर पाठीवर पडून दोन तास. स्लीप पॅरॅलिसिस कशाने वाढतो? अनियमित झोप, अपुरी झोप, ताण, पाठीवर झोपणं. १९९२ मध्ये जपानी संशोधकांनी लॅबमध्ये लोकांची झोप ठरावीक वेळी मोडून, परत झोपवून हा अनुभव मुद्दाम घडवून आणला होता, आणि परीक्षेच्या आठवड्यात हॉस्टेलमधली पोरं तोच प्रयोग स्वतःवर करत असतात. त्यात वयाचाही भाग आहे, झोपेच्या वेळांचा अभ्यास करणारे टिल रोनेबर्ग यांनी २००४ मध्ये दाखवलं की उशिरा झोपायची शरीराची ओढ किशोरवयात वाढत जाते आणि साधारण विसाव्या वर्षी सगळ्यात जास्त असते, नंतर परत कमी होते, तेव्हा मुलं मुद्दाम जागतात असं म्हणणाऱ्या पालकांनी आणि वॉर्डनबाईंनी हेही लक्षात घ्यायला हवं. घरी हे झालं असतं तर आई शेजारी असती, "वाईट स्वप्न होतं, झोप" म्हणाली असती आणि विषय संपला असता. हॉस्टेलला सकाळी कट्ट्यावर सांगितलं की दुसरा म्हणतो अरे मला पण झालं होतं, त्याच विंगमध्ये, तिसरा म्हणतो ती खोली म्हणूनच बंद आहे.

काही लोक भुतांच्या अनुभवांमागे इन्फ्रासाउंडचं, म्हणजे कानाला ऐकू न येणाऱ्या खूप खालच्या आवाजाचं कारण फार खात्रीने सांगतात त्याबद्दल थोडं. विक टँडी नावाचे इंग्लंडमधले इंजिनिअर एका लॅबमध्ये काम करायचे, तिथे गार वाटायचं, अस्वस्थ वाटायचं, एकदा डोळ्याच्या कोपऱ्यातून राखाडी आकृतीही दिसली. दुसऱ्या दिवशी त्यांनी तलवारबाजीची पातळ तलवार व्हाइसमध्ये, म्हणजे लोखंडी पकडीत, घट्ट बसवली तर ती आपोआप थरथरायला लागली. शोधल्यावर कळलं की नवीन एक्झॉस्ट फॅनमुळे खोलीत सुमारे १९ हर्ट्झचा, म्हणजे कानाला जेमतेम न कळणारा आवाज घुमत होता. १९९८ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. गोष्ट भारी आहे, पण पुढे लंडनला गोल्डस्मिथ्स कॉलेजच्या क्रिस्टोफर फ्रेंच यांच्या टीमने एक रिकामी पांढरी गोल खोली बांधून तिच्यात ७९ लोकांना एकेक करून सोडलं, आधीच सांगून ठेवलं की काही विचित्र वाटू शकतं, आणि कधी इन्फ्रासाउंड चालू ठेवला, कधी चुंबकीय क्षेत्र, कधी दोन्ही, कधी काहीच नाही. विचित्र तर बहुतेकांना वाटलं, पण मशीन चालू होतं की बंद याच्याशी त्याचा काही संबंध लागला नाही (२००९ चा पेपर). म्हणजे सांगून ठेवणं हेच काम करून गेलं. १९९७ चा अजून एक प्रयोग आहे, अमेरिकेतल्या एका ओस पडलेल्या थिएटरमध्ये २२ जणांना फिरवलं, निम्म्यांना सांगितलं इथे भुताटकी आहे, निम्म्यांना सांगितलं दुरुस्ती चालू आहे, आणि पहिल्या गटाला कितीतरी जास्त गोष्टी "जाणवल्या".

फ्रेशर्सना सीनिअर्स पहिल्या आठवड्यात नेमकं हेच करतात ना! लाइट गेली की सगळ्यांना एका खोलीत बसवून बंद खोलीची, विहिरीजवळच्या पिंपळावरच्या मुंज्याची, मेडिकल कॉलेज असेल तर डिसेक्शन हॉलची गोष्ट. यात आपलेपणा पण असतो हे मी मान्य करते, घर सोडून आलेल्या पंधरा अनोळखी पोरी एकत्र घाबरल्या की सकाळपर्यंत मैत्रिणी झालेल्या असतात. पण एखादी खरंच घाबरणारी असते, तिला रात्री एकटीला त्या मजल्यावर पाठवणं हे रॅगिंगच आहे आणि त्याला परंपरा म्हणू नये.

गोष्ट टिकते कशी हेही बघण्यासारखं आहे. कॉलेजची वस्ती तीन-चार वर्षांत पूर्ण बदलते, म्हणजे दहा वर्षांपूर्वीचं काही तपासायचं तर विद्यार्थ्यांमध्ये कुणीच साक्षीदार उरलेला नसतो. केंब्रिजला फ्रेडरिक बार्टलेट या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना मूळ अमेरिकन लोकांची एक भुतांची लोककथा वाचायला देऊन मग पुन्हा पुन्हा आठवून लिहायला लावली, १९३२ मध्ये त्यावर सविस्तर लिहिलं. प्रत्येक वेळी गोष्ट छोटी होत गेली, कळत नव्हते ते तपशील गळले, कनू या निमुळत्या नावेची साधी होडी झाली, सील नावाच्या समुद्री प्राण्याच्या शिकारीला गेलेले मासेमारीला गेले. प्रत्येकाने प्रामाणिकपणे आठवूनच लिहिलं होतं तरी. आपल्या हॉस्टेलात दर जुलैला हे एकदा होतं.

आणि या गळतीत सगळ्यात आधी गळतं ते माणूस. बहुतेक बंद खोल्यांच्या गोष्टीत एक विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी असते जिने स्वतःला संपवलं. काही वर्षांत तिचं नाव, गाव, ब्रँच, मैत्रिणी, तिला काय त्रास होता हे सगळं जातं आणि पांढरे कपडे, मोकळे केस तेवढे राहतात. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी ब्युरोच्या आकड्यांनुसार २०२२ या एका वर्षात भारतात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. कॉलेज अशा वेळी खोलीला कुलूप लावतं, त्यावर बोलायचं नाही असं ठरतं, आणि न बोललेल्या जागेत भुताची गोष्ट येऊन बसते. समुपदेशक नेमणं, बॅचला एकत्र बसवून मोकळं बोलू देणं, हे त्या कुलपापेक्षा कितीतरी उपयोगाचं आहे. कुणाला स्वतःबद्दल तसे विचार येत असतील तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास फुकट चालतो, मराठीतही बोलता येतं.

ओरिएंटेशनला दोन तास नियम वाचून दाखवतात त्यात पाच मिनिटं स्लीप पॅरॅलिसिसला द्यावीत अशी माझी मनापासून मागणी आहे. सांगायचं एवढंच की हा प्रकार काही सेकंद ते काही मिनिटं टिकतो, आपोआप सुटतो, श्वास चालूच असतो, जीवाला धोका नसतो. झालाच तर सगळं शरीर एकदम हलवायची धडपड करू नका, पायाचा अंगठा किंवा बोटाचं टोक हलवायचा प्रयत्न करा, श्वास मुद्दाम ओढू नका. कुशीवर झोपा, झोपायची-उठायची वेळ शक्य तितकी एक ठेवा. हे वारंवार होत असेल, आणि त्यासोबत दिवसा लेक्चरमध्ये अनावर झोप येत असेल किंवा जोरात हसल्यावर गुडघे एकदम ढिले पडत असतील, तर तो नार्कोलेप्सी नावाचा आजार असू शकतो, त्याला औषधं आहेत, न्यूरॉलॉजिस्टला किंवा झोपेच्या डॉक्टरांना दाखवा.