गेटला रेझिस्टर कितीचा लावायचा?

आकाशकंदिलात १२ व्होल्टची एलईडी स्ट्रिप, उजेड कमीजास्त करायला अर्डुइनो उनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड) आणि मधे आयआरएलझेड४४एन मॉसफेट (गेट नावाच्या पायाला व्होल्टेज दिलं की करंट जाऊ देणारा इलेक्ट्रॉनिक स्विच), एवढंच सर्किट होतं. मोबाईलच्या व्हिडिओत पट्टे दिसतात म्हणून पीडब्ल्यूएम (उजेड कमी करायला स्ट्रिप वेगाने चालू-बंद करणं) ३१ किलोहर्ट्झवर नेला, आणि डब्यात १० के (१० हजार ओहम) चे रेझिस्टर भरपूर होते म्हणून गेटलाही तोच लावला. कंदील पूर्ण पेटलेला असला की सगळं ठीक, पण मंद केला की मॉसफेटला बोट लावता येईना, चटकाच बसायचा.

गेटमधून करंट सतत वाहत नाही हे खरं, पण गेट म्हणजे छोटा कपॅसिटर आहे, नळाखाली ठेवलेल्या हंड्यासारखा, तो भरला की मॉसफेट ऑन आणि रिकामा झाला की ऑफ, आणि रेझिस्टर म्हणजे त्या नळाची तोटी. या मॉसफेटचा गेट ५ व्होल्टला भरायला जास्तीत जास्त ४८ नॅनोकुलंब विद्युतभार लागतो. १० के मधून जेमतेम पाव मिलिअँपिअर जातो, म्हणजे भरायला दीडशेच्या वर मायक्रोसेकंद, आणि ३१ किलोहर्ट्झची एक फेरी संपते ३२ मध्ये! हंडा कायम अर्धवटच. अशा अर्धवट उघड्या मॉसफेटवर ३ व्होल्ट अडकले आणि १ अँपिअर जात असला तर ३ वॅटची उष्णता, हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) नसताना हे फार झालं. पूर्ण उघडा असेल तर २ अँपिअरलाही ०.१ वॅटच.

मग रेझिस्टर काढूनच टाकू? नको. रिकामा गेट पहिल्या क्षणी शॉर्टसारखा वागतो आणि उनोच्या पिनची कमाल मर्यादा ४० मिलिअँपिअर आहे. ५ भागिले २२० म्हणजे साधारण २३, म्हणून २२० ओहम (लाल-लाल-तपकिरी) बरा.

१० के ची खरी जागा गेट आणि ग्राउंडच्या मधे. अर्डुइनो सुरू होताना पिन मोकळी असते, तेव्हा गेट रिकामा ठेवायचं काम त्याचं. तो नसताना मोकळ्या गेटच्या वायरला नुसतं बोट लावून बघा, स्ट्रिप आपोआप उजळते. इथे १ के लावला तर २२० सोबत व्होल्टेज वाटलं जाऊन गेटला ४.१ च मिळतात, १० के ला ४.९.

२२० लावल्यावर मॉसफेट कोमट लागतो, कारण आता गेट भरायला साधारण चार मायक्रोसेकंद लागतात आणि ३१ किलोहर्ट्झला तेही जाणवतात. नेहमीच्या ४९० हर्ट्झवर आणला की गार.