लुई आर्मस्ट्राँग : ओठ आणि गळा

अमेरिकन जॅझ ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँगचा खरखरीत आवाज बहुतेकांना त्याच्या उतारवयातल्या दोन-तीन गाण्यांमुळे माहीत असतो. त्यामुळे ट्रम्पेट वाजवून थकल्यावर तो गाण्याकडे वळला, असा समज घट्ट बसला आहे. प्रत्यक्षात क्रम उलटा आहे. हातात वाद्य येण्याआधी तो न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यांवर चार पोरांच्या कंपूत गात होता आणि लोक पुढ्यात नाणी टाकत होते. आपल्याकडे सतार-बासरीबद्दल बोलताना 'गायकी अंग' म्हणतात. ते त्याच्या वादनाला चपखल लागू पडतं, आणि त्याचं गाणंही तितकंच वादनाच्या अंगाने जातं.

तो स्वतः ४ जुलै १९०० ही जन्मतारीख सांगायचा. चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत ४ ऑगस्ट १९०१ आहे, आणि आता तीच धरली जाते. १९१२ च्या ३१ डिसेंबरला, नववर्षाच्या धामधुमीत, त्याने रस्त्यात पिस्तूल झाडलं, पोलिसांनी पकडलं आणि त्याची रवानगी कृष्णवर्णीय मुलांच्या सुधारगृहात झाली. तिथे पीटर डेव्हिस या शिक्षकाच्या हाताखाली खंजिरी, आल्टो हॉर्न, ब्यूगल अशा पायऱ्या चढत तो कॉर्नेट या ट्रम्पेटसारख्याच वाद्यापर्यंत पोचला. बाहेर आल्यावर कॉर्नेटवादक जो ऑलिव्हरने, म्हणजे 'किंग' ऑलिव्हरने, त्याला हाताशी धरलं. पुढे मिसिसिपीवरच्या करमणुकीच्या बोटींवर फेट मॅराबलच्या बँडमध्ये त्याचं नोटेशनचं वाचन पक्कं झालं. हा टप्पा चरित्रांमध्ये दोन ओळींत आटोपतात, पण वाचन नसतं तर पुढे न्यूयॉर्कच्या मोठ्या बँडमध्ये त्याला खुर्ची मिळाली नसती.

ऑगस्ट १९२२ मध्ये ऑलिव्हरने त्याला शिकागोला बोलावून घेतलं, दुसऱ्या कॉर्नेटसाठी. लिंकन गार्डन्स या नृत्यगृहात दोघे मिळून 'ब्रेक' घ्यायचे. ब्रेक म्हणजे बाकी बँड दोन मात्राचक्रं (एक चक्र म्हणजे चार ठोके) थांबतो आणि तेवढ्या जागेत एकट्यादुकट्याने वाजवायचं. ऑलिव्हर पुढच्या ब्रेकची ओळ आधीच हळूच सुचवायचा आणि लुई ऐन वेळी तिला जोडीचे सूर लावायचा. श्रोत्यांना यामागची युक्ती कळत नसे.

५ एप्रिल १९२३ ला हा बँड इंडियाना राज्यातल्या रिचमंडला जेनेट कंपनीच्या स्टुडिओत गेला. मायक्रोफोन नव्हता. भिंतीतून आलेल्या मोठ्या कर्ण्यासमोर वाजवायचं, आवाजाच्या कंपनांनी सुई हलायची आणि मेणाच्या तबकडीवर खाच पडायची. मोठा ढोल वाजवला तर सुई उडायची, म्हणून ड्रमवादक बेबी डॉड्सला लाकडी ठोकळ्यांवर भागवावं लागलं. स्टुडिओशेजारून रेल्वेचे रूळ जात होते, गाडी आली की काम बंद. समतोल साधायचा तो माणसं पुढे-मागे उभी करूनच. पियानोवादक लिल हार्डिनच्या आठवणीनुसार लुईचा आवाज ऑलिव्हरला झाकून टाकत होता, म्हणून त्याला बरंच मागे उभं करावं लागलं. तरीही 'चाइम्स ब्लूज' या तबकडीत त्याचा पहिला ध्वनिमुद्रित सोलो स्पष्ट ऐकू येतो. लिल १९२४ मध्ये त्याची बायको झाली. दुय्यम कॉर्नेट सोडून स्वतःच्या नावावर उभं राहा, हा आग्रह तिचाच.

त्याच वर्षी तो न्यूयॉर्कला फ्लेचर हेंडरसनच्या बँडमध्ये गेला. तिथे वादनाचं कौतुक झालं, पण गाण्याला जवळपास मज्जाव होता. नोव्हेंबर १९२४ च्या एका तबकडीच्या अगदी शेवटी त्याला दोन-चार उद्गार काढू दिले, तेवढंच. वर्षभराने तो शिकागोला परतला आणि १२ नोव्हेंबर १९२५ ला ओके कंपनीसाठी 'हॉट फाइव्ह'चं पहिलं ध्वनिमुद्रण झालं. कॉर्नेटवर तो स्वतः, ट्रॉम्बोनवर किड ओरी, क्लॅरिनेटवर जॉनी डॉड्स, पियानोवर लिल आणि बँजोवर जॉनी सेंट सिर. हा बँड जवळजवळ फक्त स्टुडिओतच होता. रोजची कमाई रात्रीच्या नृत्यगृहांत आणि मूकपटांना साथ करणाऱ्या व्हेंडोम थिएटरच्या वाद्यवृंदात होती. आता गाण्यावर बंदी घालणारं कोणी नव्हतं.

२६ फेब्रुवारी १९२६ च्या 'हीबी जीबीज'मध्ये तो मध्येच शब्द सोडून नुसत्या अक्षरांवर गायला लागतो. याला 'स्कॅट' म्हणतात. शब्दांचा कागद हातातून पडला म्हणून हे सुचलं, अशी गोष्ट तो स्वतः सांगायचा. असं गाणं त्याआधीही होत होतं, हेंडरसनच्याच बँडमधल्या डॉन रेडमनने १९२४ मध्ये ते केलं होतं. ऐकताना त्या अक्षरांची फेक मला कॉर्नेटच्या ओळीसारखी वाटते, आधी घोटलेली. त्यामुळे कागदाच्या गोष्टीवर फार भार टाकू नये. दहा इंची तबकडीत जेमतेम तीन मिनिटं मावत आणि मेणाची मूळ तबकडी वाजवून पाहिली की ती खराब होत असे, त्यामुळे लहानसहान चुका तशाच ठेवण्याची रीत होती.

मे १९२७ पर्यंत ओकेकडे विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं होतं, म्हणून त्याच्या सात जणांच्या 'हॉट सेव्हन'मध्ये ट्यूबा आणि ड्रम घेता आले. 'पोटॅटो हेड ब्लूज'मध्ये साथीदार दर दुसऱ्या मात्राचक्राच्या पहिल्या ठोक्यावरच एक सूर देतात, बाकी सगळी जागा लुईची. ठेका ऐकू येत नसताना लय मनात धरून त्याने ती भरली आहे. एव्हाना तो कॉर्नेटवरून ट्रम्पेटवर येत होता. दोन्हींच्या नळीची लांबी आणि स्वर सारखेच, पण कॉर्नेटची नळी निमुळती होत जाते, तर ट्रम्पेटची बरीचशी सरळ असते. म्हणून ट्रम्पेटचा आवाज टोकदार येतो.

२८ जून १९२८ चं 'वेस्ट एंड ब्लूज' या साऱ्याचा कळस आहे. सुरुवातीला साथीविना ट्रम्पेटची बारा-तेरा सेकंदांची झेप आहे. त्याकडे सगळे लक्ष देतात. त्यापेक्षा मधलं आवर्तन कान देऊन ऐकावं. जिमी स्ट्राँगचं क्लॅरिनेट खालच्या पट्टीत एक साधी ओळ म्हणतं आणि लुई शब्दांशिवाय, अगदी हलक्या गळ्याने तिला उत्तर देतो. शेवटच्या आवर्तनात तोच माणूस ट्रम्पेटवर एक वरचा सूर चार मात्राचक्रं धरून ठेवतो. गळा आणि ओठ इथे एकच आहेत.

१९२९ पासून त्याने प्रचलित गाणी घेतली. त्याची रीत अशी : चालीतले चढउतार कमी करून बरीचशी ओळ एक-दोन सुरांवर आणायची, शब्द ठोक्याच्या किंचित मागे टाकायचे, आणि नको ते शब्द गाळून तिथे अक्षरं भरायची. नोव्हेंबर १९३१ चं 'स्टारडस्ट' याचा उत्तम नमुना आहे.

याच काळात ओठ बिघडला. ट्रम्पेटला तीनच व्हॉल्व्ह असतात. बोटांच्या एकाच ठेवणीत अनेक सूर निघतात आणि कुठला सूर येईल हे ओठांचा ताण आणि हवेचा झोत ठरवतो. वर जाण्यासाठी ताण वाढवण्याऐवजी माउथपीस ओठावर दाबला तर सूर येतो, पण रक्तप्रवाह तुटतो आणि कड रुतते. लुईच्या माउथपीसची कड वरच्या ओठाच्या लाल, मऊ भागावर बसायची, आणि मैफलीच्या शेवटी वरच्या 'सी' या सुराची रांग लावून श्रोत्यांना थक्क करायची त्याला सवय होती. १९३४ मध्ये पॅरिसला असताना कित्येक महिने त्याला वादन थांबवावं लागलं. १९३५ मध्ये अमेरिकेत परतल्यावर डॉक्टरांनी पुन्हा विश्रांती सांगितली. जो ग्लेझर हा त्याचा व्यवस्थापक झाल्यावरच लुई उन्हाळ्यात पुन्हा उभा राहिला. ओठांसाठी जर्मनीत बनणारं खास मलम तो आयुष्यभर वापरत राहिला. ओठाचा गोल स्नायू फाटण्याच्या दुखण्याला १९८२ मध्ये एका शल्यचिकित्सकाने त्याच्याच टोपणनावावरून 'सॅचमो सिंड्रोम' असं नाव दिलं. या विश्रांतीनंतरचं त्याचं वादन अधिक संथ आणि लांब सुरांचं आहे. अनेकांना ती घसरण वाटते. मला त्यात गाणं जास्त ऐकू येतं.

या वंशावळीची एक फांदी मुंबईत आली. मे १९२६ मध्ये व्हेंडोमच्या वाद्यवृंदात लुईबरोबर ध्वनिमुद्रण करणारा पियानोवादक टेडी वेदरफर्ड १९३० च्या दशकात ताजमहाल हॉटेलात वाजवत होता. १९४५ मध्ये कोलकात्यात कॉलऱ्याने तो गेला. ताजमध्येच पुढे गाजलेला, गोव्यातल्या हळदोण्याचा अँटोनियो झेवियर वाझ म्हणजे चिक चॉकलेट, हा 'भारताचा लुई आर्मस्ट्राँग' म्हणून ओळखला गेला. सी. रामचंद्रांबरोबर त्याने 'अलबेला'साठी (१९५१) काम केलं.

१९४७ नंतर लुईच्या 'ऑल स्टार्स' या सहा-सात जणांच्या बँडमध्ये वादन आणि गाणं आलटून-पालटून येत असे, मध्ये साथीदारांचे स्वतंत्र प्रकार. श्रोत्यांना विविधता मिळे आणि ओठाला दम. डिसेंबर १९६३ मध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या 'हॅलो, डॉली!'ने ९ मे १९६४ ला बीटल्सना खाली ओढून अमेरिकेत पहिला क्रमांक गाठला. तेव्हा तो ६२ वर्षांचा होता. १९६८ च्या आजारपणानंतर डॉक्टरांनी ट्रम्पेट बंद केलं आणि काही काळ त्याने फक्त गाऊन भागवलं. मार्च १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अ‍ॅस्टोरिया हॉटेलात दोन आठवडे तो पुन्हा दोन्ही घेऊन उभा राहिला. ६ जुलैला क्वीन्समधल्या कोरोना इथे, स्वतःच्या घरी, तो झोपेत गेला.