कॉशन मनीतला कवी

कॉलेज प्रवेशाची पावती आठवा. ट्यूशन फी, जिमखाना, लायब्ररी असं उतरत उतरत खाली एक ओळ असते: कॉशन मनी. शिक्षण संपल्यावर परत मिळणारी अनामत. (ती आणायला किती जण जातात, ते सोडा.) पण कॉशन म्हणजे तर सावधगिरी. रेल्वेचा पिवळा सिग्नल म्हणजे कॉशन. पुढे रुळांचं काम चालू असेल, तर गाडी हळू चालवायची लेखी सूचना लोको पायलटला मिळते, ती कॉशन ऑर्डर. मग पैशाला हे नाव का?

कारण पैशाचा अर्थच आधीचा. रोमन कायद्यात ‘कउतिओ’ म्हणजे हमी, तारण. फ्रेंचमार्गे हा शब्द इंग्रजीत आला तोही जामीन याच अर्थाने. ‘जपून’ हा अर्थ इंग्रजीत रुळला तो पुढे काही शतकांनी. जर्मनीत भाड्याने घर घेताना आजही ‘काउत्सिऑन’ भरावं लागतं, म्हणजे आपलं डिपॉझिट.

कउतिओचं मूळ ‘कवेरे’ या लॅटिन क्रियापदात आहे: सावध राहणे. त्याचंच ‘त्याने सावध राहावं’ असं रूप आपल्या कोर्टकचेऱ्यांत रोज वापरात आहे. कॅव्हेट! दिवाणी प्रक्रिया संहितेत १९७६च्या दुरुस्तीने कलम १४८-अ आलं. मला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका, असं कोर्टाला आधीच सांगून ठेवायचं. ते ९० दिवस लागू राहतं.

खरी गंमत त्याही मागे आहे. भाषाशास्त्रज्ञ कवेरेचा धातू ‘लक्ष असणे, जाणणे’ असा लावतात, आणि त्याच धातूपासून संस्कृतातला ‘कवि’ येतो. हा कवी यमक जुळवणारा नव्हे, तर इतरांना न दिसणारं जाणणारा. ऋग्वेदाच्या पहिल्याच सूक्तात अग्नीला ‘कविक्रतु’ म्हटलंय ते याच अर्थाने. ‘जे न देखे रवी’ म्हणताना आपणही नकळत व्युत्पत्तीच सांगत असतो. इंग्रजी ‘शो’ याच कुळातला; त्याचा जुना अर्थ दाखवणे नव्हे, पाहणे.

आपला ‘सावध’ निराळ्या धातूचा, पण वाट तीच: स-अवधान, लक्ष ठिकाणावर असलेला.

इसवी सन ७९मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पाँपेई या रोमन शहरात एका घराच्या उंबऱ्यापाशी जमिनीवर बारीक काळ्या-पांढऱ्या खड्यांचा साखळीतला कुत्रा आहे. दात विचकलेला. खाली दोन शब्द: ‘कवे कनेम’. कुत्र्यापासून सावध! त्यातला ‘कवे’ हा कवीचा नातेवाईक, तर ‘कनेम’ श्वानाचा. लॅटिन आणि संस्कृत ज्या एकाच मूळ भाषेतून आल्या, तिच्यात या दोन शब्दांचे ‘क’ वेगवेगळे होते. लॅटिनने ते एकच करून टाकले. संस्कृतात एक ‘क’ राहिला, दुसऱ्याचा ‘श’ झाला.

ते घर खोदून काढणाऱ्यांनी आतल्या चित्रांवरून त्याला नाव दिलं, ‘शोकांतिका लिहिणाऱ्या कवीचं घर’.