बिझनेस क्लास : लांब पल्ल्याच्या विमानप्रवासातील वर्ग

बिझनेस क्लास : प्रवासी विमानातील इकॉनॉमीच्या वरचा आणि, जिथे तो अजून शिल्लक आहे तिथे, फर्स्ट क्लासच्या खालचा वर्ग. मुंबई–दिल्लीच्या दोन तासांच्या उड्डाणात याचा अर्थ रुंद खुर्ची, काचेच्या ग्लासात पाणी आणि उतरताना पहिला नंबर, एवढाच असतो. रात्रभराच्या उड्डाणात मात्र प्रकरण बदलते. तिथे विमान कंपनी जी गोष्ट विकते तिला जाहिरातीत बरीच नावे असली तरी साध्या मराठीत तिला झोप म्हणतात. सकाळी उतरून थेट कामावर जायचे असेल, तर ही झोप कुणीतरी विकत घ्यावी लागते, आणि ते कुणीतरी सहसा प्रवासी नसून त्याची कंपनी असते. वर्गाच्या नावात ‘बिझनेस’ आहे तो यामुळेच. या नोंदीत मुख्यतः या दुसऱ्या प्रकाराचा विचार केला आहे.

उगम

१९७० साली बोइंग ७४७ हे जंबो विमान सेवेत आले आणि भरायच्या खुर्च्या एकदम वाढल्या. त्या भरण्यासाठी सवलतीची भाडी निघाली. १९७७ मध्ये फ्रेडी लेकर यांच्या ‘स्कायट्रेन’ या विमानसेवेने लंडन–न्यूयॉर्क तिकीट इतके स्वस्त केले की बाकीच्यांनाही दर उतरवावे लागले, पुढच्याच वर्षी अमेरिकेने देशांतर्गत विमानभाड्यांवरील सरकारी नियंत्रण उठवण्याचा कायदा केला. यात पंचाईत झाली ती आदल्या दिवशी पूर्ण भाड्याचे तिकीट काढणाऱ्या नोकरदार-व्यापारी प्रवाशाची. त्याने जवळपास दुप्पट पैसे मोजलेले, आणि शेजारी सुट्टीला निघालेले कुटुंब निम्म्या भाड्यात तेच जेवण जेवते आहे. हा गिऱ्हाईक नाराज होऊन चालणार नव्हते, कारण तो महिन्याला परत येत होता.

मग १९७८-७९ च्या सुमारास अमेरिकेच्या पॅन ॲम कंपनीने ‘क्लिपर क्लास’, ब्रिटिश एअरवेजने ‘क्लब’ असे वेगळे कप्पे काढले. जगातील पहिला बिझनेस क्लास १९७९ मध्ये आपण सुरू केला, असे ऑस्ट्रेलियाची क्वांटास सांगते. सुरुवातीला अनेक ठिकाणी खुर्ची इकॉनॉमीचीच होती. फरक होता तो पडद्याचा, फुकट पेयांचा आणि जमल्यास मधली खुर्ची रिकामी ठेवण्याचा. म्हणजे आधी पडदा आला, पलंग यायला आणखी वीस वर्षे गेली.

नावांबाबत कंपन्या हौशी असतात. एअर इंडियात हा वर्ग बरीच वर्षे ‘एक्झिक्युटिव्ह’ होता, मुंबईत मुख्यालय असलेल्या जेट एअरवेजमध्ये (२०१९ मध्ये बंद) ‘प्रीमिएअर’. व्हर्जिन अटलांटिक १९८४ पासून त्याला ‘अप्पर क्लास’ म्हणते. बुकिंगच्या यंत्रणेत मात्र सगळीकडे अक्षरे चालतात : पूर्ण भाड्याच्या बिझनेस तिकिटाला बहुधा ‘जे’, त्याखालच्या सवलतींना ‘सी’, ‘डी’, ‘आय’, ‘झेड’, इकॉनॉमीला ‘वाय’. तिकीट बदलता येईल की नाही, माइल्स (प्रवासाच्या बदल्यात कंपनी देते ते गुण) किती मिळतील, हे त्या अक्षरावर ठरते, खुर्चीवर नाही. शेजारशेजारच्या दोन सारख्या पलंगांवर दोन वेगळी अक्षरे झोपलेली असतात.

खुर्चीचा पलंग

पुढची कथा खुर्ची किती मागे झुकते याची आहे. १९८०-९० च्या दशकांत ती आरामखुर्ची होती. मग आली कोनात सपाट होणारी खुर्ची : पाठ-पाय एका रेषेत, पण सगळी रेषाच उतरती. या खुर्चीवर झोपलेला माणूस रात्रभर इंच इंच घसरत पायथ्याशी गोळा होई. जाहिरातीत तीही ‘फ्लॅट’च होती.

जमिनीला समांतर असा खरा पलंग बिझनेस क्लासमध्ये आणला तो ब्रिटिश एअरवेजने, २००० साली. जागा वाचवण्यासाठी एक खुर्ची पुढे तोंड करून आणि शेजारची मागे तोंड करून, अशी मांडणी होती. उड्डाणाच्या वेळी अनोळखी माणसाच्या थेट डोळ्यांत पाहत बसावे लागे. मधला पडदा वर करायचा तर तो आधी कुणी करायचा, हा संकोच. विमान रचणाऱ्यांपुढचे कोडे तेव्हापासून एकच आहे : साडेसहा फुटांचा पलंग, तोही इकॉनॉमीच्या ३१-३२ इंच अंतराच्या रांगांना खेटून, नफ्याच्या हिशेबात कसा बसवायचा. व्हर्जिनने २००३ मध्ये खुर्च्या तिरक्या लावल्या. पुढे त्याच्या उलट, खिडकीकडे तोंड करणारी तिरकी मांडणी रूढ झाली. दुसरा उपाय आगेमागे मांडणीचा, ज्यात प्रत्येकाचे पाय पुढच्याच्या कोपराखालच्या बोगद्यात जातात. हा बोगदा खुर्च्यांच्या नकाशात दिसत नाही. काही विमानांत तो इतका अरुंद असतो की अकरा नंबरचा बूट घालणाऱ्याने आधी चौकशी केलेली बरी.

मांडणी आकड्यांत सांगतात. १-२-१ म्हणजे प्रत्येकाला थेट वाट. २-२-२ किंवा २-३-२ म्हणजे खिडकीजवळच्याला रात्री उठायचे तर शेजाऱ्याचे पाय ओलांडणे आले, आणि एवढे पैसे देऊन लंगडी घालणे कुणालाच आवडत नाही. कतार एअरवेजने २०१७ मध्ये ‘क्यूस्वीट’ नावाने दाराचे कप्पे आणले, आणि मग दार ही सगळ्यांचीच गरज होऊन बसली. टाटांकडे जानेवारी २०२२ मध्ये परत गेलेल्या एअर इंडियाने जानेवारी २०२४ पासून सेवेत आणलेल्या एअरबस ए३५०-९०० मध्ये असे दाराचे २८ कप्पे आहेत, १-२-१ मांडणीत. त्याच विमानात मागे २४ प्रीमियम इकॉनॉमी आणि २६४ इकॉनॉमीच्या खुर्च्या. बिझनेस क्लास असा सुधारत गेला तसा फर्स्ट क्लास अनेक कंपन्यांनी काढूनच टाकला, आणि इकॉनॉमी-बिझनेसमधली पोकळी भरायला प्रीमियम इकॉनॉमी आली (तैवानच्या ईव्हा एअरने १९९१ मध्ये, व्हर्जिनने १९९२ मध्ये).

फक्त बिझनेस क्लासचीच विमाने चालवण्याचे प्रयोगही झाले. अटलांटिकवर मॅक्सजेट, ईऑस आणि सिल्व्हरजेट या तिन्ही कंपन्या डिसेंबर २००७ ते मे २००८ या अर्ध्या वर्षात एकामागोमाग बुडाल्या. पॅरिसहून न्यूयॉर्कला (खरे तर नेवार्कला) जाणारी ला कॉम्पॅनी २०१४ पासून टिकून आहे. तिच्या ए३२१निओ विमानात ७६ खुर्च्या असतात. सिंगापूर एअरलाइन्सचे सिंगापूर–न्यूयॉर्क उड्डाण, जे साडेअठरा तासांच्या आसपास चालते, त्यातल्या विमानात इकॉनॉमी मुळीच नाही : ६७ बिझनेस आणि ९४ प्रीमियम इकॉनॉमी.

परतीची रात्र

मुंबईहून युरोपला जाणारी बरीच विमाने मध्यरात्रीनंतर, एक ते चारच्या दरम्यान सुटतात. कारण मुंबईत नसून तिकडे आहे. ही विमाने सकाळी युरोपात पोचली तर पुढे अमेरिकेची जोडविमाने मिळतात, शिवाय तिकडच्या अनेक विमानतळांवर रात्री उतरायला बंदी असते; फ्रँकफुर्टला ती ११ ते ५ अशी आहे. त्यामुळे सुट्टी संपवून परत निघालेल्या मराठी माणसाची शेवटची संध्याकाळ विचित्र लांबते. जेवण होते, बॅगा दारात येतात, आणि मग तीन तास कुणालाच काय बोलावे सुचत नाही. टर्मिनल २ च्या दारावर तिकीट-पासपोर्ट पाहून आत सोडतात, निरोप तिथेच. बिझनेस क्लासचे तिकीट असले तरी हे दार सगळ्यांना सारखेच. फरक आत गेल्यावर सुरू होतो : वेगळा काउंटर, ३२ किलोपर्यंतच्या बहुधा दोन बॅगा, लाउंज.

सरावलेले लोक लाउंजमध्ये जेवून घेतात आणि विमानात जेवण नाकारतात. हे नवख्याला पटत नाही, कारण तिकिटातले अर्धे पैसे जेवणाचे आहेत असे त्याला वाटत असते. पण हिशेब साधा आहे. मुंबई–लंडन साधारण साडेनऊ तास. चढल्यावर तासभर आणि उतरण्याआधीचा नाश्त्याचा दीड तास गेला की उरतात सात. त्यात पहाटे तीनला चार पदार्थांचे जेवण घेत बसले तर पाच. न्यूयॉर्क–लंडन हे उड्डाण तर सातच्या आत आटपते, म्हणून त्या मार्गावर कंपन्या जेवण जमिनीवरच उरकण्याचा आग्रह धरतात.

जेवणाबाबत शाकाहारी मराठी वाचकासाठी एक सूचना येथे द्यायलाच हवी. आधी नोंदवायच्या जेवणांत ‘हिंदू मील’ (एचएनएमएल) हे मांसाहारी असते, फक्त गोमांस नसते. आपल्या अर्थाने शाकाहारी हवे तर ‘एशियन व्हेज’ (एव्हीएमएल) आणि जैन हवे तर व्हीजेएमएल. हा घोळ वर्ग पाहून होत नाही. चव मात्र सगळ्यांचीच वर गेल्यावर मंदावते : कोरडी हवा, कमी दाब आणि इंजिनांचा आवाज यांमुळे मीठ-साखरेची चव कमी जाणवते, पण टोमॅटोसारख्या पदार्थांचा स्वाद टिकतो. लुफ्थान्साने आपल्या विमानांत टोमॅटोचा रस इतका का खपतो, याचा जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेकडून अभ्यासच करवून घेतला होता.

पैसे कोण देते

खासगी कंपन्यांत याचा निकाल पद आणि तास पाहून लागतो. अमुक ग्रेडच्या वर, आणि उड्डाण सहा-आठ तासांहून मोठे असेल तर बिझनेस, बाकीच्यांनी मागे. एकाच प्रकल्पासाठी निघालेले साहेब पुढे आणि प्रत्यक्ष काम करणारा इंजिनिअर मागे मधल्या खुर्चीत, हे दृश्य नित्याचे आहे. सकाळी प्रेझेंटेशन बहुतेक वेळा इंजिनिअरच देतो.

सरकारी नियम जास्त बोलके आहेत. अमेरिकेच्या केंद्रीय कर्मचाऱ्याला परदेश प्रवास १४ तासांहून अधिक असेल आणि पोचल्यावर त्याच किंवा दुसऱ्या दिवशी कामावर हजर व्हायचे असेल, तर बिझनेस क्लास देता येतो. पण तो घेतला तर सरकारी खर्चाने वाटेत किंवा पोचल्यावर विश्रांती मिळत नाही. पलंग आकाशात घ्या किंवा हॉटेलात, दोन्हीकडे नाही. झोपेची किंमत इतक्या स्वच्छपणे क्वचितच कुणी लिहून ठेवली असेल. संयुक्त राष्ट्रांच्या सामान्य कर्मचाऱ्यांसाठी ही मर्यादा थेट प्रवासाला ९ तासांची आहे. भारत सरकारात तासांपेक्षा पद मोठे : सातव्या वेतन आयोगानंतर वेतनस्तर १४ आणि वरच्या अधिकाऱ्यांना देशांतर्गत दौऱ्यावरही बिझनेस क्लास लागू आहे, मग उड्डाण पाऊण तासाचे का असेना.

आपल्याकडे या वर्गाला राजकीय वास आहे. २००९ मध्ये केंद्र सरकारने मंत्र्यांना काटकसर म्हणून इकॉनॉमीने जायला सांगितले, तेव्हा परराष्ट्र राज्यमंत्री शशी थरूर यांनी ट्विटरवर ‘कॅटल क्लास’ हा शब्द वापरला आणि वादळ उठले. शब्द त्यांचा नव्हता, इंग्रजीत तो आधीपासून रुळलेला होता; पण मागे बसणाऱ्यांना तो पहिल्यांदाच पुढून ऐकू आला.

करातही भेद आहे. भारतात इकॉनॉमीच्या तिकिटावर जीएसटी ५ टक्के. त्यावरच्या वर्गांवर तो १२ होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ झाला. नोंदणीकृत कंपनी हा कर इनपुट क्रेडिटमधून, म्हणजे स्वतःला भरायच्या करातून, वळता करते. गुडघे दुखणाऱ्या आईबाबांना एकदाच नीट आणावे म्हणून अमेरिकेतला मुलगा स्वतःच्या खिशातून तिकीट काढतो, त्याला ती सोय नाही. (व्हीलचेअर मात्र कोणत्याही वर्गात मागता येते, तिच्यासाठी महाग तिकीट काढण्याचे कारण नाही.) स्वस्तात पुढे जाण्याचे इतर मार्ग म्हणजे साठवलेले माइल्स, उरलेल्या खुर्चीसाठी लावायची बोली आणि इकॉनॉमी जास्त विकली गेल्यामुळे काउंटरवर अचानक लाभणारे अपग्रेड. शेवटच्या प्रकारावर कथा पुष्कळ, अनुभव थोडा.

शरीर आणि हवा

लांब प्रवासात पायाच्या शिरांत रक्त गोठण्याच्या विकाराला ‘इकॉनॉमी क्लास सिंड्रोम’ म्हणतात. नाव फसवे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालानुसार चार तासांहून जास्त प्रवासात धोका सुमारे दुप्पट होतो, पण तो दीर्घकाळ न हलता बसल्याने, मग ते विमान असो, बस असो की रेल्वे. पुढे बसून न हलणाऱ्यालाही तो आहेच. केबिनचा दाब जुन्या विमानांत सुमारे ८,००० फुटांवरच्या हवेइतका असतो, बोइंग ७८७ आणि ए३५० मध्ये सुमारे ६,००० फुटांइतका. त्यामुळे नव्या विमानातली इकॉनॉमी या एका बाबतीत जुन्या विमानातल्या बिझनेसपेक्षा सरस ठरते. जेट लॅगवर तर पलंगाचा इलाज चालतच नाही. शरीराचे घड्याळ दिवसाला साधारण एक तास सरकते, आणि मुंबई–कॅलिफोर्नियाचा फरक साडेबारा-साडेतेरा तासांचा. झोप मिळते ती आजची. उद्या पहाटे तीनला डोळे उघडायचे ते उघडतातच.

एका बिझनेस प्रवाशामागे कार्बन किती धरायचा, याचे गणित जागेवर चालते. ब्रिटिश सरकारच्या हिशेबपद्धतीत लांब पल्ल्याच्या बिझनेस प्रवाशाचा वाटा इकॉनॉमीच्या जवळपास तिप्पट धरतात.

उतरल्यावर

लंडनच्या हीथ्रोवर सकाळी पोचणाऱ्यांसाठी ‘अरायव्हल्स लाउंज’ आहे : अंघोळ, नाश्ता, शर्टाला इस्त्री, आणि तिथून थेट ऑफिस. अमेरिकेत असे सहसा नसते. पुढचे दार आधी उघडते, पंधरा मिनिटांची आघाडी मिळते, आणि इमिग्रेशनच्या हॉलमध्ये व्हिसाधारकांची रांग एकच असते. कप्प्यातून आलेला आणि मधल्या खुर्चीतून आलेला तिथे नागमोडी दोरीत पुन्हा समोरासमोर येतात. एकाचा शर्ट थोडा कमी चुरगळलेला असतो.